उसने राक्षस

वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कुठलीही नवी वस्तू दिसली की पहिला प्रश्न पडतो, ही मूळची कोणाची? शेजाऱ्याच्या दारात नवी मोटार उभी राहिली की लोक तिचा रंग बघतात. मी मागच्या काचेवर कुठल्या बँकेचे नाव चिकटवले आहे ते बघतो. लग्नात नवरीच्या गळ्यातला हार पाहून बायका घडणावळीची चर्चा करतात. मला तो हार परवाच तारणातून सुटलेला आहे हे ओळखू येते आणि पुढे जिलबी गोड लागत नाही. हा स्वभाव नव्हे, व्यवसायाने जडलेला आजार आहे. साहित्य, कला वगैरे प्रांतांत हा आजार घेऊन जाऊ नये, असे मला घरातून बजावलेले आहे. पण अलीकडे एक प्रकरण असे हाती आले, की त्याला साहित्याच्या प्राध्यापकापेक्षा कर्जखात्यातल्या कारकुनाचीच गरज आहे. प्रकरण राक्षसांचे आहे. हे राक्षस सगळेच्या सगळे उसने आहेत.

राक्षस मला भेटले ते भाच्याच्या टेबलावर. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी लोक केस कापतात, वरणभात जेवून झोपतात; हा भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने, बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या राक्षसांचे दात रंगवत बसला होता. चाळीसेक राक्षस. प्रत्येकाच्या हातात बंदूक.

"हे कोण?" मी विचारले.

"ऑर्क, मामा. शेवटी ‘के’वाले."

"म्हणजे ‘के’ नसलेलेही असतात?"

"‘सी’वाले जुने. ते तलवारीने लढतात. ‘के’वाले अंतराळात राहतात."

एक अक्षर बदलले की माणूस तलवार टाकून यानात बसतो, हे मला नवीन होते. आमच्याकडे एक अक्षर बदलले तर चेक परत जातो.

खेळाचे नाव ‘वॉरहॅमर ४०,०००’. हा आकडा बक्षिसाचा नव्हे, काळाचा आहे. गोष्ट घडते ती आजपासून अडतीस हजार वर्षांनंतर. मोठे टेबल घ्यायचे, त्यावर डोंगर-पडके वाडे मांडायचे, दोन्ही बाजूंनी आपापली रंगवलेली फौज उभी करायची, टेपने अंतर मोजायचे, फासे टाकायचे आणि समोरच्याचा फडशा पाडायचा. मराठी माणसाला हे समजावायला फार कष्ट नाहीत. आपण दिवाळीत किल्ला करतो. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, दरवाज्यावर खाकी वेषातला बंदूकधारी जवान, पायथ्याशी भाजीवाली, तिच्या मागे हत्तीएवढा वाघ आणि तळ्यात प्लॅस्टिकचे बदक. सतराव्या शतकाशेजारी विसावे शतक उभे आहे याचे कोणाला काही वाटत नाही. कारण उघड आहे. गेल्या वर्षीच्या खोक्यात जी चित्रे शिल्लक आहेत ती कुठेतरी बसवायलाच हवीत. राक्षसांच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हे खोके लक्षात असू द्यावे.

टेबलावरच्या लढाया तशा जुन्या. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला १८२४ साली असा खेळ रीतसर नियमांसकट छापला गेला. पण तो शाळेचा अभ्यास होता. त्यातली मजा जगाला दाखवली ती एच. जी. वेल्स यांनी. हेच ते मंगळावरून स्वारी घडवून आणणारे, काळाच्या यंत्रात माणूस बसवणारे वेल्स. १९१३ साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. सतरंजीवर शिशाचे सैनिक मांडायचे, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची आणि पडेल तो मेला. चाळिशी उलटलेला जगप्रसिद्ध लेखक जमिनीवर पालथा पडून नेम धरतो आहे, असे ते सगळे प्रकरण. पुस्तकाच्या शेवटी मात्र ते गंभीर होतात. खऱ्या लढाया करण्यापेक्षा सेनापतींनी आणि राजांनी अशा खोलीत येऊन खेळावे, म्हणजे कोणाचे घर जळायचे नाही, असा त्यांचा आग्रह. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. सेनापतींनी पुस्तक वाचले नसावे.

गंमत अशी, की ‘लिटल वॉर्स’मध्ये पायदळ आहे, घोडदळ आहे, तोफा आहेत, मंगळावरचा प्राणी एकही नाही. वैज्ञानिक कादंबरी आणि टेबलावरची लढाई ही दोन्ही खाती एकाच गृहस्थाच्या नावावर होती, पण त्यांनी एकातून दुसऱ्यात रक्कम वळती केली नाही. ती व्हायला आणखी चौऱ्याहत्तर वर्षे आणि एक प्राध्यापक लागणार होते.

प्राध्यापक टोल्किन त्या महायुद्धात तरुण अधिकारी होते. १९१६ साली सोमच्या लढाईत खंदकात राहिले, तापाने आजारी पडून परत आले. जिवलग मित्रांपैकी बहुतेक परत आले नाहीत. पुढे ते ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’ व १९५४-५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिले. आज एल्फ म्हणजे उंच, देखणे, दीर्घायुषी, थोडे शिष्ट; बुटके म्हणजे दाढीवाले, खाणीत राहणारे, सोन्याचे लोभी; ऑर्क म्हणजे कुरूप आणि संख्येने पुष्कळ, ही जी जगभर पक्की झालेली जातवारी आहे ती त्यांची. आपल्याला बुटके माहीत होते ते हिमगौरीचे सात. ते बिचारे कामावर जाऊन वेळेवर घरी येत.

आता हे भांडवल टोल्किनसाहेबांच्या स्वतःच्या घरचे होते का? मुळीच नाही. बुटक्यांची नावे त्यांनी ‘व्होलुस्पा’ नावाच्या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचलली. खुद्द गँडाल्फ, ज्याला पाहिल्यावर विश्वामित्राची आठवण व्हावी, त्याचे नाव मुळात एका बुटक्याचे आहे. ‘ऑर्क’ हा शब्द जुन्या इंग्रजीतला. ‘बेओवुल्फ’ या काव्यात तो ‘एल्फ’च्या शेजारी एकाच ओळीत बसलेला आहे, आणि तिथे एल्फही चांगले लोक नाहीत. दोघेही एकाच शापित कुळातले. पुढे एल्फांनी प्रगती केली आणि ऑर्क मागे राहिले. अशी भावकी आपल्याकडेही असते. एल्फांनी ओळख दाखवायचे सोडून दिले, एवढेच.

पण टोल्किनना मी कर्जदार म्हणत नाही. त्यांनी पडीक जमीन कसली. जुन्या यादीत नुसते नाव होते. त्याला त्यांनी भाषा दिली, वंशावळ दिली, गाणी दिली. आणि मुख्य म्हणजे त्यांना त्या राक्षसांची काळजी होती. श्रद्धाळू कॅथलिक माणूस. सैतानाला स्वतः काही निर्माण करता येत नाही, तो फक्त बिघडवतो, असे मानणारा. मग हे ऑर्क कोणाला बिघडवून झाले? त्यांना आत्मा आहे का? एखादा ऑर्क सुधारू शकतो का? नसेल, तर त्यांना सरसकट मारणारे आपले नायक कोण ठरतात? हा हिशेब त्यांनी म्हातारपणापर्यंत पुन्हा पुन्हा मांडला आणि ताळेबंद काही जुळला नाही. ज्यांनी पुढे हे ऑर्क उसने नेले, त्यांनी ऑर्क नेले, काळजी तिथेच ठेवली.

पहिली उचल अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ शिकागोतल्या विमा कंपनीत अंडररायटर होते. म्हणजे आपल्यासारखेच, समोरच्याच्या जिवाची जोखीम किती, ते कोष्टकात बघून ठरवायचे. १९७० साली नोकरी गेली आणि ते घरी जोडे दुरुस्त करू लागले. मला या माणसाबद्दल अपार आपुलकी वाटते. १९७१ साली त्यांनी एका मित्राबरोबर मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ नावाचे नियम छापले आणि मागे एक पुरवणी जोडली: या लढाईत हवे तर एल्फ, बुटके, ऑर्क आणि हॉबिटही आणा. पुस्तकाची पाठ चिकटवायला चार पाने कमी पडतात म्हणून जोडावी तशी ती पुरवणी. लोकांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि पुरवणी उचलली. त्यातूनच १९७४ साली, डेव्ह आर्नेसन यांच्या जोडीने, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक प्राण्याचे बळ, चपळाई, आयुष्य सगळे आकड्यांत. विमा कंपनीने माणूस काढला, पण कोष्टके तो बरोबर घेऊन गेला.

खेळ गाजल्यावर टोल्किनच्या हक्कदारांची नोटीस आली. मग ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ झाले, ‘एंट’ नावाच्या चालत्या झाडांचे ‘ट्रीएंट’ झाले, ‘बॅलरॉग’चा ‘बॅलोर’ झाला. प्राणी तेच, अंगठा तोच, फक्त नावापुढचे अक्षर इकडचे तिकडे. एल्फ, बुटके आणि ऑर्क मात्र राहिले. ते जुन्या काव्यांतले म्हणजे सार्वजनिक विहिरीतले पाणी. राक्षसांच्या इतिहासात एक अक्षर बदलण्याची प्रथा सुरू झाली ती इथे.

या उचलेगिरीत आपलाही एक माणूस गेलेला आहे, हे मला समजले तेव्हा खुर्चीवरून उठावेसे वाटले. १९७७ सालच्या त्यांच्या प्राण्यांच्या कोशात ‘राक्षस’ आहे. हाच शब्द, हेच स्पेलिंग, आणि मूळ ठिकाण भारत अशी नोंदसुद्धा. पण चित्र पाहावे तर वाघाचे डोके, अंगात उंची झगा आणि तोंडात पाइप! निवृत्त जिल्हा न्यायाधीश क्लबात बसावा तसा बसला आहे. तो मंतरलेल्या बाणाने मरतो म्हणे. दहा तोंडे नाहीत, सहा महिन्यांची झोप नाही, दरबार नाही. आमच्या मुंजा, झोटिंग, हडळ, ब्रह्मसमंध या मंडळींना कोणी विचारलेच नाही. कोकणातल्या एकेका पिंपळावर जेवढे भांडवल लोंबकळत पडले आहे, तेवढ्यावर तीन कंपन्या निघाल्या असत्या.

असो. मुद्दा खोक्याचा. १९७५ साली लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टोन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी घरातच ‘गेम्स वर्कशॉप’ ही संस्था काढली. लाकडी पट आणि सोंगट्या बनवणे हा धंदा. त्यांनी गायगॅक्सचा खेळ मागवला. पहिली मागणी सहा प्रतींची, आणि तेवढ्यावर साऱ्या युरोपची विक्री त्यांच्याकडे आली. त्या काळी एजन्सी मिळणे किती सोपे होते पाहा. पुढे त्यांच्या जोडीला शिशाच्या मिश्रधातूचे चिमुकले प्राणी ओतणारी ‘सिटाडेल’ ही कंपनी निघाली, आणि ती चालवणारे ब्रायन अँसेल यांना एक व्यापारी अडचण दिसली. गायगॅक्सच्या खेळात खेळणारा एका वीराचे सोंग घेतो. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात येते, एक बाहुली घेते आणि दोन वर्षे तोंड दाखवत नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही यावरचा उपाय कळेल. एका बाहुलीऐवजी शंभर लागतील असा खेळ काढावा. १९८३ साली ‘वॉरहॅमर’ निघाला तो असा. ऑर्कांचा कळप असतो, एल्फांचे सैन्य असते, आणि सैन्य म्हटले की डझनाचा भाव आला.

आणि मग १९८७. रिक प्रिस्टली हे पुरातत्त्व शिकलेले तरुण लेखक. त्यांनी त्याच खेळाचे नियम पुढे ओढून अंतराळातली आवृत्ती लिहिली. पुरातत्त्व शिकलेल्या माणसाने अडतीस हजार वर्षे पुढचे लिहावे, हे मला फार योग्य वाटते. उकरायची दिशा तेवढी बदलली. अंतराळ म्हटल्यावर नवे, अनोळखी प्राणी आणता आले असते, काही आणलेही. पण कारखान्यात हात बसलेले होते ते ऑर्क, एल्फ, बुटके यांच्यावर, आणि गिऱ्हाइकाच्या ओळखीचे चेहरेही तेच. तेव्हा ऑर्काच्या शेवटी ‘के’ लावला, एल्फाला ‘एल्दार’ म्हटले, बुटक्याला ‘स्क्वॉट’ म्हटले, आणि सगळ्यांना बंदुका वाटल्या. त्या काळी अंगाच्या घामाचा वास घालवणाऱ्या औषधाच्या रिकाम्या डबीचा तरंगता रणगाडा कसा करावा, हे त्यांच्याच पानांवर सचित्र छापलेले आहे. किल्ल्याच्या तळ्यात आईच्या पावडरच्या डब्याचे झाकण बसवणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाला ते लोक आपले वाटले असते.

इथपर्यंत हा निव्वळ जुन्या मालाला नवे लेबल लावण्याचा धंदा होता. हाफलिंग होते, त्यांना ‘रॅटलिंग’ म्हणून नेमबाज आणि स्वयंपाकी केले. काही विचार केला नाही. ओगर नावाचे दांडगे होते, ते ‘ऑग्रिन’ झाले, दांडगेच राहिले. शिवाय त्यांच्या आधी १९६६ सालीच ‘स्टार ट्रेक’ मालिकेत टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक यानात बसून गेला होता, तेव्हा अंतराळात एल्फ नेण्याचा पहिला मानही यांचा नाही. पण दोन-तीन वंशांच्या बाबतीत त्यांना एक प्रश्न पडला, आणि तो प्रामाणिक प्रश्न होता. हा प्राणी खरोखरच तारे ओलांडून जात असेल, तर त्याचे घर कसे चालते? पैसा कुठला? पोरे कशी होतात? मेल्यावर काय? कर्ज देताना आम्ही हेच विचारतो. शेवटचा प्रश्न जरा मऊ शब्दांत.

ऑर्कांचेच घ्या. १९९० च्या सुमारास त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले, आणि त्यांत त्यांची अर्थव्यवस्था दिली आहे. ती मी दोनदा वाचली. ऑर्कांचे चलन म्हणजे दात. शार्कसारखे त्यांचे दात पडतात आणि पुन्हा येतात, म्हणून कुठलाही ऑर्क फार दिवस गरीब राहत नाही. बसल्याजागी पगार उगवतो. ‘बॅड मून्स’ नावाच्या त्यांच्या एका कुळाचे दात इतरांपेक्षा लवकर वाढतात, म्हणून ते जन्मजात सावकार. पण श्रीमंताचे दात घेण्याचा सनदशीर मार्ग सर्वांना खुला आहे. तो म्हणजे ठोसा. आणि सर्वांत महत्त्वाचे, दात काही काळाने झिजून भुगा होतात. म्हणजे साठवून उपयोग नाही. मुदत ठेव नाही, व्याज नाही, वारसांची भांडणे नाहीत. पैशाला घसारा लावणारी ही विश्वातली एकमेव जमात असे वाटून मी थक्क झालो होतो. पण सिल्विओ गेझेल नावाच्या जर्मन अर्थविचारकाने हीच कल्पना मांडली होती, आणि ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या छोट्या गावाने १९३२ साली ती करून पाहिली. गावाने स्वतःच्या नोटा काढल्या. दर महिन्याला त्यांची किंमत एक टक्क्याने उतरायची, ती टिकवायला तिकीट लावावे लागायचे. लोकांनी नोटा घरात न ठेवता भराभर खर्च केल्या, गावात कामे निघाली. दुसऱ्या वर्षी देशाच्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडले. ऑर्कांकडे मध्यवर्ती बँक नाही, एवढाच फरक.

पोरांच्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर काढले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऑर्क हे अर्धे बुरशी आहेत. त्यांच्यात बायका नाहीत, बाळंतपण नाही; पावसाळ्यात भिंतीवर भूछत्र उगवावे तसे जमिनीतून उगवतात. कोणा प्राचीन जमातीने लढण्यासाठीच त्यांना घडवले आणि ती जमात नष्ट झाली. त्यामुळे ऑर्क दुष्ट नाहीत. दुष्टपणाला थोडा विचार लागतो. ते आनंदात आहेत. लढाई म्हणजे त्यांचा गणेशोत्सव. त्यांची बोली इंग्लंडातल्या फुटबॉलच्या दंगेखोर प्रेक्षकांची. लाल रंगाची गाडी जास्त पळते असा त्यांचा विश्वास, आणि सगळ्यांचाच विश्वास असल्याने ती खरोखर जास्त पळते. टोल्किनना आयुष्यभर छळणारा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, पण मोठ्या खुबीने बाजूला सारला. बुरशीला मारताना नायकाच्या मनाला टोचणी लागत नाही, आणि मरताना बुरशीही तक्रार करत नाही. ही पळवाट आहे हे मला कळते. पण आयकर वाचवणाऱ्या सगळ्याच पळवाटांत इतकी कल्पकता नसते.

एल्दारांना मात्र त्यांनी खरेच दुःख दिले. टोल्किनचे एल्फ जगाला कंटाळले की पश्चिमेकडे गलबत हाकारतात. तिकडे त्यांच्यासाठी हक्काचा किनारा आहे, पेन्शन मंजूर आहे. एल्दारांचा तो किनारा त्यांनी स्वतःच्या चैनीने बुडवला. साम्राज्य इतके ऐषारामात गेले, की त्या पापातून एक दैवत जन्मले, आणि ते मेलेल्या प्रत्येक एल्दाराचा आत्मा गिळायला टपून आहे. म्हणून उरलेले लोक ग्रहाएवढ्या जहाजांतून भटकतात आणि छातीवर एक रत्न बाळगतात. मेल्यावर जीव त्या रत्नात उतरवायचा, रत्न जहाजात जपायचे. अगदीच निकड आली तर ते पुतळ्यात बसवून आजोबांना पुन्हा लढायला पाठवायचे. हे मी वाचले तेव्हा भाच्याला विनोदाने काहीतरी बोलणार होतो, बोललो नाही. घराण्याला उतरती कळा लागली, की पूर्वजांचा फोटो खाली काढून चौकट विकतात, तसले काहीतरी त्यात आहे.

आता गंमत बघा. ‘एल्दार’ हा शब्दही टोल्किनचाच! त्यांनी रचलेल्या एल्फांच्या भाषेत एल्फांचे नाव एल्दार. म्हणजे नाव बदलायचे म्हणून जे नवे घेतले, तेही त्याच तिजोरीतले.

चोरीच्या मालावर कोणी फारसे बोलत नाही तोवर सगळे शेजारी असतात. कंपनी मोठी झाली आणि मग तिला वाटू लागले, की हे सगळे आपलेच आहे. तिच्या सैनिकांच्या खांद्यावर बसतील असे सुटे भाग विकणाऱ्या एका लहान अमेरिकन धंदेवाल्यावर तिने दावा लावला; शिकागोच्या न्यायालयात २०१३ साली निकाल झाला, ज्युरीने काही मागण्या मान्य केल्या, काही फेटाळल्या. त्याआधी, २०१२ च्या अखेरीस, एका लेखिकेची कादंबरी अ‍ॅमेझॉनवरून उतरवली गेली, का तर तिच्या नावात ‘स्पेस मरीन’ हे शब्द होते आणि ते आमचे, असे कंपनीचे म्हणणे. ‘स्पेस मरीन’ हे शब्द १९३२ पासून अमेरिकन मासिकांत छापले जात आहेत. ओरड झाली, वकिलांची एक संस्था लेखिकेच्या बाजूने उभी राहिली, आणि काही आठवड्यांत पुस्तक परत आले. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून पाणपोई घालावी आणि मग येणाऱ्याला ओंजळ कोणाची म्हणून विचारावे, असला तो प्रकार. मला त्या कंपनीचे कौतुक आहे, पण इथे नाही.

यानंतर नावांची जी पळापळ झाली, ती पाहून नोटरीलाही घाम फुटेल. २०१५ साली जुना तलवारींचा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा ऑर्कांचे ‘ओरुक’ झाले, ओगरांचे ‘ओगोर’, एल्फांचे ‘एल्व्ह’सारखेच काहीतरी, पण आधी एक जादा ‘ए’ घालून, आणि बुटक्यांचे ‘डुआर्डिन’. २०१७ पासून एल्दारांचे ‘एल्दारी’ झाले. जाणकार कारण एकच सांगतात: ‘एल्फ’ या शब्दावर कोणाची मालकी नाही, म्हणून जो शब्द कोणीच कधी उच्चारला नाही तो नोंदवता येतो. बुटक्यांची गंमत तर त्याहून निराळी. इंग्रजी व्याकरणात अनेकवचन ‘ड्वॉर्फ्स’. टोल्किननी हट्टाने ‘ड्वॉर्व्ह्ज’ लिहिले. वॉरहॅमरवाल्यांनी पुन्हा ‘ड्वॉर्फ्स’ केले. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने ‘व्ह’ का घातला आणि कंपनीने ‘फ’ का आणला, यावर मराठीत कोणी पीएच.डी. केली तर मी टंकनाचा खर्च देईन.

बुटक्यांचे नाव निघाले म्हणून शेवटी त्यांचेच सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात माझा जीव अडकला तो त्यांच्यात. जुन्या तलवारींच्या खेळात बुटक्यांकडे एक मोठी वही असते. कोणी कधी अपमान केला, कोणी देणे बुडवले, कोणी दिलेला शब्द मोडला, ते सगळे त्यांचा राजा स्वतःच्या रक्ताने त्यात लिहितो. भरपाई झाली की नोंद खोडतात, तोवर नातवंडांनी डूख धरून बसायचे. लेजरची एवढी थोरवी गाणारे दुसरे वाङ्मय मला ठाऊक नाही. अंतराळात गेल्यावर त्यांचे स्क्वॉट झाले: आकाशगंगेच्या मध्यभागी, जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहांवर खाणीत राहून ठेंगणे झालेले मानवाचेच वंशज. इथवर उत्तम. पण पुढे कोणाला काही सुचले नाही. दाढी आणि मोटारसायकल, एवढ्यावर गाडी थांबली. १९९० च्या दशकात ते हळूहळू यादीतून दिसेनासे झाले, आणि १९९८ च्या आवृत्तीत नव्हतेच. कथेत त्यांना अंतराळातल्या टोळधाडीने खाऊन टाकले, असे कधीतरी कळवण्यात आले. आमच्याकडून त्यांना न्याय देणे जमले नाही, असे कंपनीतल्या एका जुन्या रचनाकाराने पुढे मोकळेपणाने सांगितलेही.

सांगणे सोपे. पण ज्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून शंभर-शंभर स्क्वॉट घेतले होते, शनिवार-रविवार खपून रंगवले होते, त्यांनी काय करायचे? फौज हातात आहे, आणि ज्या खेळाची फौज त्यात ती नाही. खेळणाऱ्यांच्या बोलीत ‘स्क्वॉट होणे’ असे क्रियापदच रूढ झाले. कंपनीने एखादा संच बंद केला, की तो स्क्वॉट झाला म्हणायचे. आमच्या भाषेत निष्क्रिय खाते. आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार नसला की खाते झोपते, आणि दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी मालकाचा हक्क मरत नाही. म्हातारा पासबुक घेऊन आला तर पैसे द्यावे लागतात. स्क्वॉटवाल्यांनी पासबुक सोडले नाही. वीस वर्षे ते दर नव्या घोषणेच्या वेळी एकच प्रश्न विचारत राहिले आणि बाकीचे हसत राहिले.

२०२२ साली कंपनीने जाहीर केले, की अंतराळातले बुटके परत येत आहेत. तारीख होती १ एप्रिल. कोणीही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीला पुन्हा सांगावे लागले, की नाही हो, खरेच येत आहेत.

आले, तेही नाव बदलून: ‘लीग्ज ऑफ व्होटान’. मोटारसायकली थोड्याफार राहिल्या, पण या वेळी कोणीतरी बसून विचार केला होता. हे बुटके आता कारखान्यात घडवले जातात, आणि पूर्वजांची पूजा करतात. पूर्वज म्हणजे हजारो वर्षे जुनी प्रचंड गणकयंत्रे, ज्यांत साऱ्या पिढ्यांचे ज्ञान आणि हिशेब साठवले आहेत. अडचण एवढीच, की माहिती साठून साठून ही यंत्रे मंद झाली आहेत. प्रश्न विचारला तर उत्तर यायला वेळ लागतो, आणि कोणाला ती बंद करून पुन्हा सुरू करण्याचे धैर्य होत नाही. भाचा हे सांगत असताना मी डोळे मिटून ऐकत होतो. सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या काउंटरपुढे उभ्या राहिलेल्या कोणालाही ही अडतीस हजार वर्षांनंतरची गोष्ट वाटणार नाही.

त्या सुमारास पन्नाशीला आलेल्या कित्येक इंग्रजांनी माळ्यावरचे जुने खोके खाली काढले असतील. शिशाचा जुना स्क्वॉट प्लॅस्टिकच्या नव्या बुटक्याशेजारी उभा केला तर त्याच्याहून ठेंगणा भरतो. नाव जुळत नाही, पत्ता जुळत नाही, उंचीसुद्धा जुळत नाही. आमच्या शाखेत असले खाते पुन्हा चालू करायला तीन फॉर्म, दोन फोटो आणि एक ओळखीचा साक्षीदार मागितला असता.